मंगळवारी दोनदा, गुरुवारी दोनदा: इंगेब्रिग्टसेन भावांच्या थ्रेशोल्ड सरावाचं प्रकरण

नॉर्वेच्या नैऋत्य किनाऱ्यावर, स्टाव्हांगरला खेटून, सान्नेस नावाचं शहर आहे. 2012 साली इथला 21 वर्षांचा हेन्रिक इंगेब्रिग्टसेन हेलसिंकीला 1500 मीटरमध्ये युरोपियन विजेता झाला आणि त्याच उन्हाळ्यात लंडन ऑलिंपिकमध्ये 3:35.43 मिनिटांत पाचवा आला. 2016 साली अ‍ॅमस्टरडॅमला तोच युरोपियन किताब त्याचा धाकटा भाऊ फिलिप याने घेतला. 2018 साली बर्लिनला तिघांत धाकट्या याकोबने पाठोपाठच्या दोन दिवसांत 1500 आणि 5000 मीटर अशी दोन सुवर्णपदकं जिंकली. तेव्हा तो 17 वर्षांचा होता. सहा वर्षांत एकाच घरातल्या तिघांनी एकच किताब मिळवला. त्यांना शिकवणारे वडील, येर्ट, स्वतः कधी स्पर्धेत धावलेले नव्हते.

घरात तीन गुणी मुलं निपजली, बापाने ती पळवली, एवढं म्हणून विषय मिटवता आला असता. पण या घराचा सराव कागदावर आलेला आहे. स्टाव्हांगर विद्यापीठातले लाइफ इंगे त्येल्टा यांनी आधी एकट्या हेन्रिकच्या आणि पुढे तिघा भावांच्या सरावाची नोंद शोधनिबंधांत मांडली. त्यामुळे कुणी काय खाल्लं आणि कुणाचा निर्धार किती, या गप्पांपलीकडे जाऊन आठवड्यात नेमकं काय, किती आणि किती जोरात केलं हे तपासता येतं. तपासायला बसलं की पहिला धक्का बसतो तो या आराखड्यात ओकारी काढणाऱ्या सरावांची संख्या पाहून. हिवाळ्याच्या आठवड्यात असा सराव जेमतेम एक. बाकीचे चार कठीण सराव थ्रेशोल्डच्या, म्हणजे ज्या वेगापुढे रक्तात लॅक्टेट (पळताना स्नायूंत तयार होणारा पदार्थ) साचायला लागतं त्या उंबरठ्याच्या, आसपास, आणि बहुतेक वेळा त्याच्या जरा खालीच.

आधी बाक्केन

या भावांची गोष्ट मारियुस बाक्केनपासून सुरू करावी लागते. बाक्केन हा 5000 मीटरचा नॉर्वेजियन धावपटू. 2000 आणि 2004 अशी दोन ऑलिंपिकं खेळला, पुढे डॉक्टर झाला. 2004 साली रोममध्ये त्याने 13:06.39 चा राष्ट्रीय विक्रम केला, तो 2019 मध्ये याकोबने मोडेपर्यंत टिकला. गोऱ्या, समुद्रसपाटीवर वाढलेल्या युरोपियन धावपटूंनी आफ्रिकन धावपटूंच्या मागे धावायचं आपलं नशीबच आहे असं धरून चालायचा तो काळ.

बाक्केनने आपल्या सरावाच्या वर्षांत स्वतःच्या रक्तातलं लॅक्टेट पाच हजारांहून जास्त वेळा मोजलं. हा आकडा वेडेपणाचा वाटतो, आणि थोडा आहेही. पण त्यातून जे हाती लागलं ते कुठल्याही घड्याळाने सांगितलं नसतं. तोवर पाठ्यपुस्तकातला आकडा होता लिटरला 4 मिलिमोल. 1970 च्या दशकात जर्मन संशोधकांनी तो रूढ केला: रक्तातलं लॅक्टेट 4 ला पोचलं की उंबरठा आला. बाक्केनला दिसलं की 4 च्या हिशेबाने पळलं तर सराव होतो, पण दुसऱ्या दिवशी पाय शिशाचे होतात आणि तिसऱ्या दिवशी ठरलेला सराव पुढे ढकलावा लागतो. तेच 2.3 ते 3 च्या पट्ट्यात राहिलं तर एका वेळचा सराव जरा 'कमी' वाटतो, पण तो पुन्हा करता येतो. त्याच आठवड्यात, अगदी त्याच दिवशी संध्याकाळीसुद्धा.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला कळीचा शोध हाच. 'नॉर्वेजियन पद्धत' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर 'दिवसातून दोनदा थ्रेशोल्ड' येतं आणि छातीत धडकी भरते. पण दोनदा जमतं ते प्रत्येक वेळी हात आखडता घेतल्यामुळे. जोर किलोमीटरला पाच-सात सेकंदांनी कमी केला म्हणून सरावांची संख्या वाढवता आली. हे सोडून फक्त संख्या उचलली तर महिन्याभरात अंगाशी येतं, आणि अशी नक्कल करून पोटरी धरून बसलेली मंडळी कुठल्याही शहराच्या रनिंग ग्रुपमध्ये सापडतील.

येर्ट यांनी मुलांचा आराखडा बाक्केनच्या या कामावर बेतला. खेळाची पार्श्वभूमी नसलेल्या माणसाला एक फायदा असतो: 'आमच्या वेळी असं नव्हतं' हे त्याच्या तोंडी येत नाही. त्यांनी आकडे धरले आणि वर्षानुवर्षं सोडले नाहीत.

आठवडा कसा दिसतो

तयारीच्या महिन्यांत भावांचा आठवडा साधारण 150 ते 160 किलोमीटरचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार निवांत: सकाळी दहाएक किलोमीटर, संध्याकाळी दहाएक. रविवारी लांब पण सावकाश धाव. शनिवारी चढावर 200 मीटरचे वीस तुकडे, खाली जॉगिंग करत यायचं. आठवड्यातला खराखुरा धाप लावणारा सराव एवढाच.

उरले मंगळवार आणि गुरुवार. सकाळी सहा-सहा मिनिटांचे पाच तुकडे किंवा 2000 मीटरचे पाच, मध्ये एक मिनिट विश्रांती, लॅक्टेट 2.5 च्या आसपास. संध्याकाळी 1000 मीटरचे दहा, मध्ये एक मिनिट. नाहीतर 400 मीटरचे वीस-पंचवीस, मध्ये 30 सेकंद, लॅक्टेट 3.5 पर्यंत. दोन्ही दिवसांची बेरीज केली तर थ्रेशोल्डच्या जवळ पळालेलं अंतर 40 किलोमीटरच्या घरात जातं, म्हणजे आठवड्याचा साधारण चौथा हिस्सा. हा हिस्सा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

यातला एक सराव जवळून पाहू. तिसरे 2000 मीटर संपतात. धावपटू थांबतो, गुडघ्यांवर हात टेकत नाही; टेकावे लागले तर तिथेच काहीतरी चुकलेलं असतं. बाजूला उभा असलेला माणूस कानाची पाळी किंवा बोटाचं टोक पुसून कोरडं करतो. हे पुसणं महत्त्वाचं, कारण घामातही लॅक्टेट असतं आणि घामाचा अंश मिसळला तर आकडा खोटा वर जातो. सुईचा टोचा, पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा थेंब पट्टीला लावायचा. आजकालची छोटी यंत्रं 15 सेकंदांत आकडा देतात, म्हणजे एक मिनिटाच्या विश्रांतीत सगळं बसतं. समजा आकडा 3.4 आला, हवा होता 2.5. मग चौथा तुकडा प्रत्येक फेरीला दोन सेकंद हळू. कुणाला वाटेल यात शूरपणा तो कुठला? खरंच नाही. बाकी कुठल्याही ट्रॅकवर प्रशिक्षक ओरडत असतो 'अजून जोर लाव', इथे तो सांगतो 'कमी कर'.

लांब तुकडे सकाळी आणि छोटे संध्याकाळी यालाही कारण आहे. 400 मीटरच्या तुकड्यात वेग बराच जास्त ठेवता येतो, कारण लॅक्टेट साचायच्या आत तुकडा संपतो आणि 30 सेकंदांत थोडं खाली येतं. शर्यतीच्या वेगाच्या जवळचं पाऊल, तेवढी लांब झेप, तेवढा घोट्याचा ताण सगळं मिळतं, आणि रक्त मात्र उंबरठ्याच्या आतच राहतं. सलग 30 मिनिटं एकाच वेगाने पळायच्या टेम्पोमध्ये हे जमत नाही. तिथे उंबरठा सांभाळायचा तर वेग खाली आणावा लागतो, वेग सांभाळायचा तर उंबरठा ओलांडला जातो.

हे चालतं का, आणि कशामुळे

लॅक्टेट म्हणजे पायात भरणारं विष, ही शाळेत शिकवलेली कल्पना आता सोडून द्यायला हवी. ते इंधन आहे. एका स्नायूतंतूने सोडलेलं लॅक्टेट शेजारचा तंतू वापरतो, हृदय तर आवडीने वापरतं. विश्रांतीत ते लिटरला एक मिलिमोलच्या आसपास असतं. सावकाश धावताना जेवढं तयार होतं तेवढंच वापरलं जातं. वेग वाढत गेला की एका टप्प्यावर तयार होणारं वापरापेक्षा जास्त होतं आणि आकडा झपाट्याने चढतो. मंद आचेवर दूध तासभर राहील, पण आच जराशी वर गेली की मागे वळेपर्यंत उतू जातं. तसा हा टप्पा. कसलेला धावपटू त्याच्या अलीकडे तासाभर टिकतो, पलीकडे फार तर काही मिनिटं. थ्रेशोल्डचा सराव म्हणजे या कडेच्या अलीकडे जास्तीत जास्त वेळ घालवणं, म्हणजे हळूहळू ही कडच पुढे सरकते.

2023 मध्ये आर्तुरो कासादो, कार्ल फॉस्टर, बाक्केन आणि त्येल्टा यांनी मिळून या पद्धतीचा आढावा घेतला. त्यांची मांडणी थोडक्यात अशी: आठवड्यात तीन ते चार लॅक्टेट मोजून केलेले थ्रेशोल्ड सराव, एक त्याहून जोरदार सराव, आणि उरलेलं निवांत धावणं मिळून 150 ते 180 किलोमीटर. लॅक्टेट 2 ते 4.5 च्या दरम्यान. त्यांच्या मते या जोराला मज्जासंस्थेचा आणि स्नायूंचा थकवा कमी येतो, सावरायला वेळ कमी लागतो, म्हणून एकूण मात्रा वाढवता येते. तुकडे केल्यामुळे वेग जास्त राहतो आणि स्नायूंमधले जास्त तंतू कामाला लागतात. पेशींतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारी केंद्रं, वाढवणारे दोन रासायनिक मार्ग आहेत, एक लांब सावकाश धावण्याने चेतवला जातो आणि दुसरा जोराने. या आराखड्यात दोन्हींना खाद्य मिळतं. हे शेवटचं अजून अनुमान आहे. लेखकांनीही 'असू शकेल' अशाच भाषेत मांडलंय, आणि लेखकांमध्ये स्वतः बाक्केन आहे हेही वाचताना ध्यानात ठेवावं.

इथे 80-20 वाल्यांशी भांडण उभं राहतं. स्टीफन सायलर हा अमेरिकन संशोधक नॉर्वेतच काम करतो. रोइंग, स्कीइंग, सायकलिंगमधल्या अव्वल खेळाडूंच्या नोंदी पाहून तो म्हणतो की हे लोक सुमारे 80 टक्के सराव अगदी सावकाश करतात, उरलेला बराच जोरात, आणि मधल्या पट्ट्यात फारसे जात नाहीत. मधला पट्टा म्हणजे धड ना विश्रांती, धड ना जोर. आणि इंगेब्रिग्टसेन मंडळींनी तर त्या मधल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला संसारच थाटलाय!

पण मघाचा चौथा हिस्सा आठवा. तीन-चतुर्थांश धावणं त्यांच्याकडेही निवांतच आहे. वाद आहे तो उरलेल्या चतकोराचा. सायलरच्या नोंदींतले खेळाडू तो चतकोर थोड्या, जबरदस्त सरावांत खर्च करतात. हे भाऊ तो अनेक, आवरत्या सरावांत वाटून घेतात. सायलरने ज्या मधल्या पट्ट्याबद्दल इशारा दिलाय तो बहुतेक हौशी धावपटूंचा मधला पट्टा आहे: रोज थोडं जास्त जोरात, ना मोजमाप ना कारण, सोमवार ते रविवार एकाच धापेत. ते आणि ठरवून, मोजून, दोन निवांत दिवसांच्या मधे ठेवलेला थ्रेशोल्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या भांडणात मला दोघंही बरोबर वाटतात, फक्त एकमेकांशी बोलताना ते वेगवेगळ्या धावपटूंबद्दल बोलतायत.

पदकांवरून काय सिद्ध होतं आणि काय नाही

याकोबची यादी लांबलचक आहे. टोकियोत 2021 मध्ये 1500 मीटरचं ऑलिंपिक सुवर्ण, 3:28.32. यूजीन 2022 आणि बुडापेस्ट 2023, दोन्हीकडे 5000 मीटरमध्ये जागतिक विजेता आणि 1500 मध्ये रौप्य. 2024 मध्ये पॅरिसला 5000 चं ऑलिंपिक सुवर्ण आणि त्याच महिन्यात पोलंडमध्ये 3000 मीटरचा 7:17.55 असा जागतिक विक्रम. आधीचा विक्रम 1996 सालचा होता, तो तीन सेकंदांहून जास्त फरकाने मोडला.

यावरून 'पद्धत सिद्ध झाली' असं म्हणायला लोक उतावीळ होतात. जरा दमाने घ्यावं. तिघे भाऊ म्हणजे तीन स्वतंत्र उदाहरणं नव्हेत. आईबाप एक, घर एक, प्रशिक्षक एक. याकोब तर कळायला लागल्यापासून मोठ्या भावांच्या मागे पळतोय. विशीत आलेल्या माणसाच्या बुडाखाली सरावाची दहा-बारा वर्षं असतील तर त्याने कुठल्याही शहाण्या पद्धतीने सराव केला तरी तो वेगवान होणार. 2017 नंतर कार्बनच्या पट्टीचे आणि नव्या फोमचे बूट आले, जगभरच्या वेळा घसरल्या; याकोबच्या विक्रमांतला किती भाग बुटांचा हे वेगळं काढता येत नाही.

म्हणून मला स्वतःला याकोबपेक्षा हेन्रिकचं 2012 जास्त बोलकं वाटतं. ते बूट तेव्हा नव्हते. घरात आधी कुणी विजेता नव्हता, म्हणजे मागे धावायला मोठा भाऊही नव्हता. बाक्केनचा 2004 चा विक्रम तर त्याहून जुना. पद्धतीच्या बाजूचा पुरावा शोधायचा तर तो या दोन जुन्या नोंदींत शोधावा, पॅरिसच्या पदकात नव्हे.

पॅरिसचीच 1500 मीटरची अंतिम शर्यत घ्या. 6 ऑगस्ट 2024. याकोब पहिल्यापासून पुढे राहिला, पहिली फेरी 55 सेकंदांच्या आत, सगळ्यांचा दम काढायचा हा डाव. शेवटच्या सरळ पट्ट्यात कोल हॉकर, जॉश कर आणि यारेड नुगुसे पुढे गेले. याकोब 3:28.24 मध्ये चौथा. टोकियोत ज्या वेळेला सुवर्ण मिळालं होतं त्याहून जलद धावून पदकाविना परतला. टीकाकारांनी लगेच म्हटलं, थ्रेशोल्डने इंजिन मोठं होतं पण शेवटच्या शंभर मीटरला लागणारी धार येत नाही. हे अर्धंच खरं. चारच दिवसांनी त्याच पायांनी 5000 ची शेवटची फेरी सगळ्यांना मागे टाकून मारली. चूक सरावाची कमी आणि डावाची जास्त होती, असं माझं मत. तरीही 1500 मीटरच्या धावपटूला उन्हाळ्यात थ्रेशोल्डखेरीज वेगाचं वेगळं काम लागतंच, आणि हे भाऊ स्पर्धांच्या हंगामात ते करतातही.

दुखापतींचा मुद्दा जास्त गंभीर आहे. हेन्रिकची कारकीर्द दुखण्यांनी पुन्हा पुन्हा अडवली. याकोबला 2025 च्या उन्हाळ्यात घोट्यामागच्या अ‍ॅकिलिस शिरेने बसवलं. त्या हिवाळ्यात त्याने नानजिंगला 1500 आणि 3000 अशी इनडोअर जागतिक सुवर्णं घेतली होती, पण सप्टेंबरमध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत 1500 च्या पहिल्याच फेरीत तो बाद झाला. 'थ्रेशोल्डने दुखापती होत नाहीत' असं कुणी सांगत असेल तर हे त्याला दाखवावं. रक्त शांत असलं तरी टाच जमिनीवर आपटतच असते, आणि 25 वेळा 400 मीटर वेगाने पळताना शिरेवर येणारा ताण लॅक्टेटच्या यंत्रात दिसत नाही.

आणखी एक गोष्ट दडवून हे प्रकरण लिहिता येणार नाही. 2022 मध्ये भावांनी वडिलांकडून सराव घेणं थांबवलं आणि 2023 मध्ये तिघांनी त्यांच्यावर मारहाणीचे व धाकाचे आरोप जाहीरपणे केले. खटला चालला, 2025 मध्ये न्यायालयाने येर्ट यांना बहुतेक आरोपांतून मुक्त केलं आणि एका प्रकारात दोषी ठरवून निलंबित शिक्षा दिली. सरावाच्या तक्त्याशी याचा काय संबंध, असं विचारलं जाईल. संबंध इतकाच की 'शिस्तीचं घर' हा या यशोगाथेचा भाग म्हणून वर्षानुवर्षं कौतुकाने सांगितला गेला. मंगळवार-गुरुवारचा आराखडा उचलताना घरचा कारभार सोबत उचलायची काही गरज नाही. वडिलांपासून वेगळे झाल्यावरही याकोबने जवळपास तोच आराखडा चालू ठेवला, आणि वरच्या यादीतली बरीच पदकं त्यानंतरची आहेत.

आठवड्याला सहा तास असणाऱ्याने काय घ्यावं

नोकरी, मुलं, लोकल सांभाळून पळणाऱ्याने दिवसातून दोनदा थ्रेशोल्डचा नाद करू नये. त्याची गरजही नाही. दोनदा करावं लागतं ते 160 किलोमीटर पळणाऱ्याला, कारण त्याची मात्रा एका सकाळी मावत नाही. सहा तासांच्या माणसाची मावते.

तोच चौथा हिस्सा धरला तर 360 मिनिटांतली 90 मिनिटं थ्रेशोल्डची. त्याचे तीन वाटे करा: एका दिवशी तीन मिनिटांचे दहा तुकडे, एका दिवशी सहा मिनिटांचे पाच, एका दिवशी दहा मिनिटांचे तीन. मध्ये एक मिनिट सावकाश जॉगिंग. मधले दिवस इतके निवांत की फोनवर बोलता यावं. नव्याने सुरू करणाऱ्याने पहिला महिनाभर तीनऐवजी दोनच सराव करावेत.

पेस, म्हणजे किलोमीटरला किती वेळ घ्यायचा तो आकडा, कुठून आणायचा? यंत्र नको, पट्ट्या महाग पडतात आणि एकट्याने टोचून घेण्यात अर्धा सराव जातो. ताज्या शर्यतीची वेळ पुरते. समजा 10 किलोमीटरला 50 मिनिटं लागतात. ढोबळ हिशेबाने हा माणूस तासभर किलोमीटरला 5:03 च्या आसपास टिकेल. तो त्याचा उंबरठा. तीन मिनिटांचे तुकडे 5:05 ते 5:10, सहा मिनिटांचे 5:12 ते 5:18, दहा मिनिटांचे 5:20 च्या पुढे. शेवटचा पेस बघून बरेच जण नाक मुरडतात: 'एवढं तर मी लाँग रनला पळतो'. पळत असतील तर लाँग रन चुकतोय.

एक साधी खूण: शेवटचा तुकडा संपल्यावर 'अजून दोन झाले असते' असं मनापासून वाटलं पाहिजे. नाडीचा पट्टा असेल तर पहिल्या आणि शेवटच्या तुकड्यातली तफावत बघा. पेस तोच ठेवून नाडी दहा-बारा ठोक्यांनी चढत गेली असेल तर तुम्ही कडेच्या पलीकडे आहात, भले घड्याळ काही म्हणो.

आपल्याकडे याला एक मोठं शेपूट आहे, हवेचं. सान्नेसच्या थंडीत आकडा आणि पेस हातात हात घालून चालतात. मुंबईत मे महिन्यात पहाटे पाचलाही घाम सुकत नाही, शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं आणि जानेवारीतला 5:10 तिथे सरळसरळ उंबरठ्याच्या बाहेर जातो. अशा दिवसांत पेस झाकून ठेवावा, नाडी आणि श्वास बघून पळावं, आणि किलोमीटरला 15-20 सेकंद गेले तर जाऊ द्यावेत. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची तयारी ऑगस्टमध्ये सुरू करणाऱ्यांना ऑक्टोबरच्या उन्हात 'फॉर्म गेला' असं वाटतं, त्यातला निम्मा फॉर्म हवेने नेलेला असतो.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना तर पेसचा काहीच उपयोग नाही. यवतेश्वरच्या घाटात सहा मिनिटांचे पाच तुकडे सलग चढत करावेत, मध्ये मिनिटभर चालावं, आणि नाडी सपाटीवरच्या थ्रेशोल्डपेक्षा वर जाऊ देऊ नये. मग पहिल्या तुकड्यात आपण जवळजवळ चालतोय असं वाटलं तरी बेहत्तर. वर पोचल्यावर खाली मात्र रमतगमत यायचं. उतारावर सुसाट सुटून मांड्या भरून आल्या, की गुरुवारचा सराव गेला.